पर्यावरण मंजुरी: हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पर्यावरण मंजुरीबद्दल आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांत प्रकल्पाला विरोध करणारे आहेत, तसेच प्रकल्प उभारणारेही आहेत. दोघांची अडचण बरीचशी सारखीच: नेमक्या कोणत्या टेबलावरचा कागद निर्णायक ठरतो, हे कळत नाही आणि तोवर मुदत निघून जाते.

प्रश्न: आमच्या गावच्या माळावर चार हेक्टरची दगडखाण आणि शेजारी क्रशर येतोय. तहसीलदार जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात, तिथून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवतात, मंडळवाले म्हणतात मुंबईला जा. नाही म्हणण्याचा अधिकार आहे तरी कोणाला? (एक सरपंच, सातारा जिल्हा)

पर्यावरण मंजुरीपुरते बोलायचे तर या तिघांपैकी कोणालाच नाही. ही मंजुरी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम 1986 खाली काढलेल्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार दिली जाते. अधिसूचनेच्या परिशिष्टात प्रकल्पांचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ वर्गाचा निर्णय दिल्लीतले केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेते. ‘ब’ वर्गाचा निर्णय राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेते, ज्याला सगळे ‘सिया’ म्हणतात. सियामध्ये तीनच जण असतात: अध्यक्ष, एक सदस्य आणि सदस्य-सचिव. सदस्य-सचिव राज्य सरकारचा सेवेतला अधिकारी असतो. नावे राज्य सुचवते, पण नेमणुकीची अधिसूचना केंद्र काढते. त्यामुळे सिया म्हणजे राज्याच्या पर्यावरण विभागाचा एक कक्ष नव्हे. तिला निर्णय फिरवायला सांगण्याचा अधिकार मंत्र्यांनाही नाही.

तुमची खाण ‘ब’ वर्गात मोडते. 2016 मध्ये 5 हेक्टरपर्यंतच्या गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू वगैरे) मंजुऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय प्राधिकरणाकडे दिल्या होत्या. 2018 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या व्यवस्थेवर गंभीर आक्षेप घेतले आणि हे काम पुन्हा राज्य पातळीवर आले. तहसील कार्यालयात अजूनही जिल्हाधिकाऱ्यांचे नाव सांगतात, त्यामागे हे एक कारण असू शकते. खाणपट्टा द्यायचा की नाही हा जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार आहे आणि तो पर्यावरण मंजुरीपेक्षा वेगळा आहे. नुसत्या क्रशरला पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. म्हणून क्रशरवरची हरकत मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे द्या आणि खाणीवरची सियाकडे. दोन्ही एकाच अर्जात घातल्या तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळे होते.

आता चार हेक्टरकडे नीट पाहा. 5 हेक्टरच्या आतली एकटी खाण जनसुनावणीशिवाय तपासली जाते. पण 500 मीटरच्या आत इतर खाणपट्टे असतील तर त्यांचे क्षेत्र एकत्र मोजावे लागते. बेरीज 5 हेक्टरच्या वर गेली की पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल, म्हणजे ईआयए, करावा लागतो आणि जनसुनावणीही घ्यावी लागते. शेजारच्या पट्ट्यांचे गट क्रमांक, क्षेत्र आणि तुमच्या खाणीच्या हद्दीपासूनचे अंतर जिल्हा खनिकर्म कार्यालयातून मिळवा आणि अर्जासोबत नकाशा जोडा. ‘गावाचा तीव्र विरोध आहे’ एवढेच लिहिलेल्या ठरावापेक्षा हा एक पानाचा नकाशा प्रकल्प तपासून प्राधिकरणाला शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीला जास्त अडवतो, कारण तो बाजूला ठेवायचा तर कारण लिहावे लागते.

प्रश्न: जनसुनावणीत एकही माणूस प्रकल्पाच्या बाजूने बोलला नाही, तरी मंजुरी मिळाली. मग सुनावणी घेतात कशाला? अध्यक्षस्थानी बसलेले अपर जिल्हाधिकारी तिथेच प्रकल्प नाकारू शकत नव्हते का? (रायगड जिल्हा)

नाही. सुनावणी नियमानुसार पार पाडणे एवढेच त्यांचे काम असते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी बसतो. मतदान होत नाही, गणसंख्येची अट नसते, बाजूने किती आणि विरोधात किती याची मोजदाद निर्णायक नसते. हा नियम कितीही खटकला तरी तो असाच आहे. त्यामुळे सुनावणीला फक्त गर्दी जमवून भागत नाही.

मग उपयोग कशाचा होतो? इतिवृत्ताचा. सुनावणी संपताना मंडळाच्या प्रतिनिधीने मांडल्या गेलेल्या सगळ्या मुद्द्यांचा गोषवारा स्थानिक भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा असतो आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची असते. घोषणा होतात, लोक चिडून निघून जातात आणि हे वाचन रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकते, असे अनेकदा घडते. पुढे समितीपुढे जातो तो हाच कागद. तुम्ही ‘आमच्या विहिरी आटतील’ म्हणालात आणि कागदावर ‘पाण्याविषयी शंका व्यक्त झाली’ असे आले, तर समिती त्या शंकेला एका ओळीचे उत्तर घेऊन पुढे सरकते. म्हणून पाच-सहा जणांनी शेवटपर्यंत थांबायचे, वाचन ऐकायचे, जे सुटले ते जागेवर घालायला लावायचे. आपला मुद्दा लेखी देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. सुनावणीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. त्याची प्रतही मागता येते.

सुनावणीआधीच्या त्रुटी तर त्याहून उपयोगी. सूचना किमान 30 दिवस आधी हवी, एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे दवंडी पिटण्यापर्यंतची तरतूद आहे. ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक संस्थांकडे पाहायला ठेवावा लागतो, सारांश मराठीतही. तारीख किंवा जागा बदलायची तर खरीच आणीबाणी हवी, जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस हवी आणि बदल त्याच दैनिकांत छापून यायला हवा. (2020 च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात सूचनेची मुदत 20 दिवसांवर आणायचे घाटत होते, तो मसुदा अंतिम झाला नाही. त्याचा हवाला कोणी देत असेल तर मान्य करू नका.) मराठी सारांश ग्रामपंचायतीत आलाच नव्हता, हे सुनावणीच्या आधी सरपंचांच्या पत्रासह कळवलेले असेल तर तो प्रक्रियेतला दोष ठरतो. सुनावणीनंतर वर्षभराने सांगितले तर ती तक्रार होऊन राहते.

आणि एक काम सुनावणीनंतरचे. मांडलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्यावर प्रकल्पधारकाने अंतिम अहवालात उत्तर द्यायचे असते आणि त्यानुसार आराखड्यात बदल करायचे असतात. अंतिम अहवाल केंद्र सरकारच्या मंजुऱ्यांसाठीच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर येतो. त्यातला सुनावणीच्या मुद्द्यांचा तक्ता उघडा, आपला मुद्दा शोधा, समोरचे उत्तर वाचा. ‘सर्व नियमांचे पालन केले जाईल’ एवढेच उत्तर असेल, तर समितीची बैठक होण्याआधी तेवढ्या एका ओळीवर पत्र पाठवा.

प्रश्न: आमच्या प्रकल्पाची तज्ज्ञ समितीने शिफारस केली. त्याला आता चार महिने होत आले, पण पत्र निघालेले नाही. कार्यालयातून सांगतात, साहेबांनी फाइल थांबवली आहे. साहेबांना तो अधिकार आहे का? सल्लागार म्हणतात, आता मंजुरी मिळालीच असे समजून काम सुरू करा. (एक उद्योजक, कोल्हापूर)

साहेबांना फाइल थांबवण्याचा अधिकार नाही. सल्लागारांचे म्हणणे नियमात बसते, पण त्यावर विसंबून कुदळ मारणे धोक्याचे आहे.

तज्ज्ञ समिती शिफारस करते. निर्णय प्राधिकरण करते. अंतिम अहवाल मिळाल्यापासून समितीला 60 दिवस, शिफारस आल्यावर प्राधिकरणाला 45 दिवस, एकूण 105. प्राधिकरणाने समितीचे म्हणणे सर्वसाधारणपणे मान्य करावे, असे अधिसूचना सांगते. मान्य नसेल तर त्याच 45 दिवसांत कारणे लिहून प्रकरण समितीकडे फेरविचाराला पाठवायचे, अर्जदारालाही कळवायचे. समितीला फेरविचाराला आणखी 60 दिवस, नंतर प्राधिकरणाला 30 दिवस. तो निर्णय अंतिम, मग समितीचे मत काहीही असो. म्हणजे नाही म्हणायचा अधिकार प्राधिकरणाला नक्की आहे, पण तो कारणांसह आणि या वाटेनेच वापरता येतो. तोंडी ‘थांबा’ म्हणणे या वाटेत कुठेच बसत नाही.

मुदतीत काहीच कळवले नाही, तर समितीची अंतिम शिफारस हाच निर्णय मानून अर्जदाराला पुढे जाता येते. हीच मानीव मंजुरी. ती दोन्हीकडून लागू होते: समितीने नकाराची शिफारस केली असेल तर तो मानीव नकार ठरतो. आणि समितीची शिफारसच झालेली नसेल तर मानीव काहीच होत नाही. तुमच्या बाबतीत पहिल्यांदा इतिवृत्त शब्दशः वाचा. ‘शिफारस करण्यात येते’ आणि ‘पुढील माहिती सादर केल्यानंतर शिफारस करण्यात येते’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात भूजलाचा एखादा दाखला द्यायचा राहिला असेल तर घड्याळ तुमच्या बाजूने चाललेलेच नाही. पोर्टलवर तुमच्या नावे त्रुटीची नोंद उघडी पडली आहे का, हेही बघा. फाइल अडण्याचे खरे कारण बहुधा तिथेच सापडते.

सगळे पूर्ण असेल तर सियाच्या सदस्य-सचिवांना आणि अध्यक्षांना दोघांनाही लेखी पत्र द्या: शिफारस झालेल्या बैठकीचा क्रमांक, तारीख, उलटलेले दिवस आणि कोणत्या तरतुदीखाली निर्णय मागत आहात ते. अध्यक्षांना प्रत देणे औपचारिकता नाही. सियाचा निर्णय बैठकीत व्हावा लागतो, शक्यतो एकमताने. बहुमताने झाला तर दोन्ही बाजूंची मते इतिवृत्तात नोंदवावी लागतात. सदस्य-सचिव पत्रावर सही करतो, निर्णय एकट्याने करत नाही. बैठकच न घेता अधिकाऱ्यांच्या पातळीवर मंजुऱ्या निघाल्याचे प्रकरण मध्य प्रदेशात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दोनशेहून अधिक मंजुऱ्या वादात सापडल्या. त्या पत्रांच्या भरवशावर पैसे घातलेल्यांची अवस्था डोळ्यांपुढे ठेवा. घाईने मिळालेले कच्चे पत्र उशिरा मिळालेल्या पक्क्या पत्रापेक्षा महाग पडते.

तुम्ही कोल्हापूरचे म्हणून आणखी एक तपासा. साखर कारखान्यासारखा, म्हणजे रोज 5,000 टन किंवा जास्त गाळपाचा, ‘ब’ वर्गातला प्रकल्प कर्नाटकच्या हद्दीपासून 5 किलोमीटरच्या आत असेल, तर सर्वसाधारण अटीनुसार तो केंद्र पातळीवर तपासला जातो. अभयारण्य, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा अधिसूचित संवेदनशील क्षेत्र 5 किलोमीटरच्या आत असले तरी तेच. हे अंतर चुकीच्या ठिकाणाहून मोजले गेले आणि चुकीच्या प्राधिकरणाने मंजुरी दिली, तर ती सगळी कसरत फुकट जाते. मोजमाप प्रकल्पाच्या हद्दीपासून करायचे, चिमणीपासून नव्हे.

प्रश्न: पुण्याजवळ सदनिका घेत आहोत. बिल्डर म्हणतो, एफएसआय 15,000 चौरस मीटरच आहे, पर्यावरण मंजुरी लागत नाही. खरे आहे का?

एफएसआयवर, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकात मोजल्या जाणाऱ्या क्षेत्रावर, ते ठरत नाही. बांधकामाला 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पर्यावरण मंजुरी लागते, आणि बांधीव क्षेत्रात सगळे मजले, तळघर आणि सेवाक्षेत्रे धरली जातात. दोन मजली पार्किंग, जिने, लिफ्टच्या खोल्या, क्लबहाउस मिळवले की 15,000 चा एफएसआय सहज 20,000 ओलांडतो. मंजूर नकाशावरचे एकूण बांधकाम क्षेत्र मागा आणि सगळे टप्पे एकत्र धरा. एकच प्रकल्प तुकड्यांत दाखवून मर्यादेखाली ठेवणे ही जुनी पळवाट आहे. मंजुरीपूर्वी जमीन सुरक्षित करण्यापलीकडे, म्हणजे कुंपण वगैरेपलीकडे, काम करता येत नाही. खोदाई झालेली असेल तर तो भंग आहे.

नंतर मंजुरी घेऊ, असे सांगितले तर सावध राहा. काम आधी आणि मंजुरी मागाहून देण्याची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये रद्द केली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2 विरुद्ध 1 बहुमताने तो निकाल मागे घेतला. ज्या मंजुरीचा पाया इतका हलता आहे, तिच्या आश्वासनावर आयुष्याची बचत लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मंजुरी दिल्याचे आम्हाला दोन महिन्यांनी कळले. माहिती अधिकारात कागद मागवले आहेत. ते आले की अपील करू. चालेल ना? (सिंधुदुर्ग)

थांबू नका. मंजुरीविरुद्ध, तसेच मंजुरी नाकारल्याविरुद्धही, हरित न्यायाधिकरण अधिनियम 2010 च्या कलम 16 खाली अपील करता येते. मुदत 30 दिवस. सबळ कारण दाखवले तर आणखी 60. नव्वदाव्या दिवसानंतर न्यायाधिकरणालाही उशीर माफ करता येत नाही. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस लागतात आणि पहिल्या अपिलात आणखी वेळ जातो. कागदांची वाट पाहताना मुदत उलटलेली किती तरी प्रकरणे आहेत आणि त्यांतली काही अगदी भक्कम होती.

दिवस कधीपासून मोजायचे? प्रकल्पधारकाने मंजुरी मिळाल्यापासून 7 दिवसांत किमान दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांतल्या एका मराठी पत्रात, जाहिरात द्यायची असते. मंजुरीपत्र पोर्टलवर येते आणि स्थानिक संस्थांनाही प्रत जाते. यांतली सर्वांत आधीची तारीख धरून चाला. मंजुरीपत्र आणि समितीची इतिवृत्ते पोर्टलवरून उतरवून घ्या आणि तेवढ्यावर पुणे येथील पश्चिम विभागीय पीठात अपील दाखल करा. बाकी कागद नंतर जोडता येतात. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क 1,000 रुपये आहे.

अपिलात काय मांडायचे, याचा उत्तम नमुना तुमच्या शेजारीच आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगित केली, कारण अर्जासोबत भरायच्या ‘नमुना 1’ या माहितीपत्रकात परिसरातली वने आणि संवेदनशील क्षेत्रे नीट दाखवलेली नव्हती आणि समितीने कारणे न देताच शिफारस केली होती. फेरतपासणीनंतर जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, हेही खरे. पण वाढीव अटी पदरात पडल्या त्या याच मार्गाने. तेव्हा ‘प्रकल्प वाईट आहे’ यापेक्षा ‘अमुक माहिती दडवली’ आणि ‘अमुक हरकतीवर समितीने एक अक्षर लिहिले नाही’ हे दोन मुद्दे पुढे ठेवा.

प्रश्न: पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणजे वनजमिनीचीही परवानगी मिळाली, असे कंपनीचे लोक गावात सांगतात. (गडचिरोली)

तसे नाही. वनजमिनीला 1980 च्या वन कायद्याखाली वेगळी मंजुरी लागते, अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळाची वेगळी, आणि कारखाना चालवायला प्रदूषण मंडळाची संमती वेगळी. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा शब्द किती जड असतो, हे ओडिशातल्या नियमगिरीने दाखवले: सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर तिथल्या 12 ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण अडली. तुमच्या ग्रामसभेचे वैयक्तिक व सामूहिक हक्कांचे दावे प्रलंबित असतील तर त्यांची पोचपावती आधी हाताशी ठेवा.

प्रश्न: मंजुरीतल्या अटी सर्रास मोडल्या जात आहेत. ज्यांनी मंजुरी दिली तेच ती रद्द करू शकतात का?

हो. महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी देऊन मंजुरी मिळवली असेल तर प्राधिकरण ती रद्द करू शकते. त्याआधी प्रकल्पधारकाला समक्ष म्हणणे मांडू द्यावे लागते. अटींचा भंग झाला तर पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम 5 खाली काम बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश निघू शकतात. 1 एप्रिल 2024 पासून तुरुंगवासाऐवजी 10,000 ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे. मोठ्या प्रकल्पाला 15 लाख म्हणजे किरकोळ खर्च, आणि ही तरतूद सौम्य करणे आम्हाला चुकीचे वाटते. म्हणून काम थांबवण्याच्या आदेशाचीच मागणी करावी.

पुरावा त्यांच्याच कागदांत शोधा. दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला प्रकल्पधारकाला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. मंजुरीपत्रातली अट एका रकान्यात, अहवालातला दावा दुसऱ्यात, तुमचा तारीख आणि ठिकाण दिसणारा फोटो तिसऱ्यात, असा तक्ता करा. अहवालात ‘धूळ रोखण्यासाठी दिवसातून तीनदा पाणी मारले जाते’ असेल तर टँकर आला नाही त्या दिवसांची नोंद ठेवा. तक्ता केंद्रीय मंत्रालयाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवा आणि प्रती सिया व प्रदूषण मंडळाकडे द्या. पत्रात स्थळपाहणीची मागणी करा, पाहणीच्या वेळी ग्रामस्थांना हजर राहू द्यावे असे लिहा आणि पाहणी अहवालाची प्रत आत्ताच मागून ठेवा.